पांढरीची मोजणी

श्रोतेहो, आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला काळी आणि पांढरी हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, अशी वाडवडिलांपासून चालत आलेली वाटणी आहे. एका जागी माणसे शेकडो वर्षे नांदली, की चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणकूर, हाडे आणि खापरे यांनी तिथली माती पांढुरकी होत जाते आणि जागा हळूहळू वर येते. पुढे दुष्काळाने, रोगराईने किंवा लढायांच्या धामधुमीने गाव उठते. पण टेकाड मागे उरते. त्यालाही आपण पांढरच म्हणतो. पूर्णा आणि दुधना यांच्या मधल्या आमच्या मंठ्याच्या मुलखात राहणाऱ्याला पांढर म्हणजे काय ते पुस्तकात पाहावे लागत नाही.

या पांढरीविषयी, आणि तिच्यावरून उडू लागलेल्या एका नव्या यंत्राविषयी, मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

ते यंत्र तुम्ही पाहिलेच असेल. लग्नाच्या वरातीवर ते भुंग्यासारखे घोंघावते. कुठे कुठे ते पिकांवर औषध फवारते. त्याला ड्रोन म्हणतात. आणि बऱ्याच गावांत ते गावठाण मोजायलाही येऊन गेले. महाराष्ट्रात या मोजणीचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली आणि देशभर गावठाणे आकाशातून मोजली जाऊ लागली. ज्यांच्या गावी ही मोजणी झाली, त्यांना आठवत असेल की आदल्या दिवशी घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, म्हणजे वरून हद्द स्पष्ट दिसावी.

आमच्या बाजूच्या एका गावी ही मोजणी चालली असताना मी पाराशी उभा होतो. शेजारी एक म्हातारबाबा कपाळावर हात धरून वर बघत होते. मला म्हणाले, "सर, ह्यातून जमिनीच्या पोटातलं दिसतं का हो? पांढरीत धन हाय म्हणत्यात."

मी म्हणालो, "नाही बाबा. ते फक्त वरवरचं बघतं."

"मग काय उपेग?"

या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे नीट देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे बाबांना उशिरा दिलेले उत्तरच समजा.

पहिल्याने हे यंत्र काय करते ते पाहू. आपला अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी एक डोळा मिटून पाहा, मग दुसरा. अंगठा हललेला नसतो, तरी मागच्या भिंतीवरची त्याची जागा सरकल्यासारखी वाटते. वस्तू जवळ असली तर ती जास्त सरकते, लांब असली तर कमी. ड्रोन एका ओळीत उडत जातो आणि एकामागून एक छायाचित्रे अशी घेतो, की जमिनीवरचा प्रत्येक ठिपका अनेक चित्रांत यावा. कोणता ठिपका किती सरकला याचा हिशेब संगणक करतो आणि त्यावरून त्या ठिपक्याची उंची काढतो. जमिनीवर चार-दोन खुणा आधी अचूक मोजून ठेवल्या, की सगळ्या टेकाडाचा उंचसखल नकाशा काही सेंटिमीटरांच्या आत बरोबर येतो. साखळी आणि दुर्बीण घेऊन ज्या कामाला आठवडा लागे, ते एका सकाळी होते.

माणसाला उंचावरून जमीन पाहण्याचा फायदा कळला, त्याला आता शंभर वर्षे झाली. १९२५ साली इंग्लंडमध्ये इन्सॉल नावाच्या वैमानिकाला स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाजवळच्या एका शेतात गोलाकार ठिपके दिसले. नंतर तिथे खोदले, तेव्हा कळले की हजारो वर्षांपूर्वी तिथे लाकडी खांबांची वर्तुळे होती. खांब कधीच कुजून गेले होते. पण त्यांचे खड्डे मातीने भरले आणि तिथली माती वेगळी राहिली. आणखी जवळचे उदाहरण २०१८ सालचे. त्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये मोठा अवर्षणाचा काळ आला. न्यूग्रेंज या प्राचीन स्मारकाजवळच्या शेतावर दोघा हौशी माणसांनी ड्रोन उडवला, तर करपत्या पिकात एक भलेमोठे वर्तुळ हिरवेगार उमटलेले! जमिनीत गाडल्या गेलेल्या जुन्या चरांत ओल टिकली होती, म्हणून तेवढ्याच रेघेवरचे पीक तग धरून होते.

यात शेतकऱ्याला नवल वाटण्यासारखे काही नाही. पायाच्या दगडांवर माती उथळ असते, तिथली ज्वारी पाऊस ओढताच आधी पिवळी पडते. बुजवलेल्या विहिरीवरचे पीक मात्र उंच येते. बांधावरून चालताना तुम्हाला हे शेताच्या एका कोपऱ्यात दिसते. ड्रोनला ते सगळ्या शिवारात एकाच वेळी दिसते, इतकाच फरक. आणि सकाळी किंवा सांजेला ऊन तिरपे असताना चित्र घेतले, तर वीतभर उंचीचा बांधही लांब सावली टाकतो आणि आपण होऊन उठून दिसतो. दुष्काळ आपल्याला नवा नाही. आपल्या पिकांतही अशा खुणा उमटत असणारच. त्या बघायला आजवर कोणी वर गेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल तर कोकणात चला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर माणसांनी फार प्राचीन काळी हत्ती, वाघ, मासे आणि माणसे कोरून ठेवली आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. तिच्या कडेला उभे राहिले तर नुसत्या रेघा दिसतात. ड्रोन वर नेला की पुरता हत्ती दिसतो. गोव्यातल्या एका ठिकाणासह या कातळशिल्पांची एकूण नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पण मंडळी, त्या सड्यांवर शोधणारी माणसे पोचली कशी? सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारले. ज्याने लहानपणी तिथे गुरे राखली, त्याने बोट दाखवले. मग तिथे ड्रोन उडाला. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा.

आता आपल्या पांढरीकडे परत येऊ. इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

मी लहान असताना आमचे घर माळवदाचे होते. मृगाच्या आत माळवदावर नवी माती टाकायची, ती पांढरीचीच. ती गळू देत नाही आणि तिच्यात गवतही फारसे धरत नाही. वडील बैलगाडी घेऊन पांढरीवर जात, मी मागे पाटी घेऊन. काही शेतकरी हीच माती खत म्हणून शेतात टाकीत. यात कोणाला काही गैर वाटत नसे, आणि त्यांचा दोष होता असे मी आजही म्हणणार नाही. माती उकरताना मला लाल अकिकाचे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि एकदा एक चेपलेले तांब्याचे नाणे सापडले. पहिला पाऊस झाला की मणी धुऊन वर येत. आम्ही पोरे ते वेचायला धावत असू. मी ते एका डब्यात जमवले.

पुढे एम. ए.ला गेलो, तेव्हा मोठ्या ऐटीत तो डबा आमच्या सरांपुढे उपडा केला. सरांनी मणी हातात घेतले, उजेडात धरले आणि म्हणाले, "छान आहेत. कुठल्या थरातले?"

मी म्हणालो, "पांढरीवरचे, सर."

"पांढरीवर कुठे? किती खोल? कशाच्या शेजारी?"

मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. सरांनी मणी हलकेच परत डब्यात भरले. ते रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. ज्या जागी ते मणी होते, ती जागा आम्हीच घरावर नेऊन टाकली होती.

थर म्हणजे काय, हे आपल्या आयाबहिणींना चटकन कळेल. मातीच्या घराची जमीन दर चार दिवसांनी सारवतात. वर्षानुवर्षे सारवलेली जमीन एखाद्या कोपऱ्यात पोपडा धरून उचकटली, तर पातळ पातळ पापुद्रे दिसतात. सर्वांत खालचा पापुद्रा सासूच्या सासूने घातलेला, वरचा कालचा. पांढर अशीच आहे. कोणती वस्तू कोणत्या पापुद्र्यात होती हे कळले, तर तिचा काळ कळतो आणि तिच्या शेजारच्या वस्तूंचाही कळतो. पापुद्रे कालवले, की उरते ते नुसते खेळणे.

याची किंमत किती मोठी असू शकते पाहा. १९७४ साली, आज अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबाद गावी एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळी खणताना चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळ्या धातूच्या भरीव ओतकामाच्या, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. भारतीय शिल्पाचा हा अमोल ठेवा आहे. पुढे १९७६ ते १९७९ या काळात तिथे शां. अ. साळी यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि तिथल्या जुन्या वस्तीची हकीकत उजेडात आली. पण त्या चार वस्तू रीतसर उत्खननात निघाल्या नव्हत्या; त्यामुळे त्या हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या, की नंतरच्या, याविषयी विद्वानांत वाद झाला. सापडणाऱ्या माणसाचा त्यात काडीचा दोष नाही. जागेची नोंद हातची गेली, की अशी अडचण कायमची मागे लागते.

उलट उदाहरण आपल्याच जालना जिल्ह्यातले आहे. केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या भरहुत आणि सांची येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावचे नाव कोरलेले आहे. तिथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल लगेच १९७४ साली छापून निघाला. सातवाहन काळातली मोठी भरभराटीची वस्ती, मणी आणि शंखाच्या वस्तू घडवणारे कारागीर, आणि त्यांतच हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती. आता मौज पाहा. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली होती. भोकरदनची मूर्ती तिच्याच जातकुळीची. म्हणून पाँपेईची ती बाई दख्खनमधून गेली असावी, असे काही अभ्यासकांचे मत झाले. काहींना ते मान्य नाही. पण वाद करायला तरी आधार मिळाला, कारण भोकरदनची मूर्ती कुठे आणि कशात सापडली हे लिहिलेले आहे.

तेव्हा बाबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे. ड्रोनला पोटातले धन दिसत नाही. पांढर दर वर्षी किती उरली, हे मात्र तो सांगू शकतो. यंदा मोजली आणि तीन वर्षांनी पुन्हा मोजली, की एका नकाशातून दुसरा वजा करता येतो. मातीचा हिशेब आपण ब्रासमध्ये करतो; ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक एकर पांढर फक्त एक फूट खाली गेली, तर ४३५ ब्रासांहून अधिक माती गेली. पूर्वी बैलगाडी आणि पाटी होती, तेव्हा हे व्हायला दोन-तीन पिढ्या लागत. आज यंत्राचे खोरे आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आहे; तेच काम काही दिवसांत होते. माळवदे गेली, स्लॅब आले. पण भरावाला माती लागतेच. आणि काही ठिकाणी गुप्तधनाच्या नादाने अमावास्येला खड्डे पडतात. त्यात घावत काहीच नाही, आणि जे असते ते मात्र विसकटून जाते.

आता दुसऱ्या एका युक्तीविषयी थोडे सांगतो. तिला ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. तुम्ही हातातला मोबाइल एखाद्या पडक्या जागेपुढे धरता. आपण कुठे उभे आहोत हे मोबाइलला उपग्रहावरून कळते, आणि तो कुणीकडे वळला, किती कलला, हे त्याच्या आतल्या यंत्रणेवरून. मग समोरच्या खऱ्या दृश्यावर तो पूर्वीच्या इमारतीचे चित्र बरोबर जागच्या जागी बसवून दाखवतो. म्हणजे असलेल्या दृश्यात नसलेल्याची भर. ग्रीस देशात ऑलिंपिया येथे, जिथे प्राचीन काळी ऑलिंपिक खेळ होत, २०२१ साली तिथल्या सांस्कृतिक खात्याने मायक्रोसॉफ्ट या कंपनीच्या मदतीने असेच केले. ड्रोन आणि साधे कॅमेरे यांनी सगळी जागा टिपली आणि सत्तावीस वास्तू पडद्यावर उभ्या केल्या. प्रवासी भग्न खांबांमध्ये उभा राहतो आणि मोबाइलमध्ये अख्खे मंदिर पाहतो.

हे पाहून पोरे हरखून जातील यात शंका नाही. पण आम्हा शिक्षकांना इथे सावध राहिले पाहिजे. कागदावरच्या शब्दावर विद्यार्थी शंका घेतो. डोळ्यांनी दिसलेल्या चित्रावर घेत नाही. समजा, शिखर पडलेले एखादे यादवकालीन देऊळ आहे. त्याचा पाया आणि खांब जागेवर आहेत, तेवढे पुराव्याचे. पडद्यावर जे शिखर चढेल, ते इतर देवळांवरून बांधलेल्या अंदाजाचे. दोन्ही एकाच रंगात दाखवली, तर अंदाज हाच इतिहास होऊन बसतो. या कामासाठी लंडनची सनद म्हणून ओळखले जाणारे नियम २००६ सालापासून पुढे आले आहेत. त्यांचे सांगणे हेच, की पुरावा कोणता आणि तर्क कोणता, ते पाहणाऱ्याला कळले पाहिजे. जुन्या देवळाच्या डागडुजीत नवा दगड बिनकोरीव बसवतात ना, तसेच हे.

माझ्या मनात मात्र या युक्तीचा याहून साधा उपयोग आहे. उत्खनन संपले, की खड्डे बुजवतात. नंतर जाणाऱ्याला तिथे सपाट माती आणि बाभळी दिसतात, आणि "इथं काय होतं?" असे विचारून तो परत फिरतो. अशा जागी मोबाइल धरल्यावर राजवाडा दिसायची गरज नाही. बुजवलेला खड्डा पुन्हा उघडलेला दिसावा, त्याच्या भिंतीतले थर एकाखाली एक दिसावेत, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती ते दिसावे. अहवालात आराखडे असतात. ते पुस्तकातून उचलून जागेवर ठेवायचे, इतकेच. यात एक रेघही कल्पनेची नसेल, आणि सातवीतल्या मुलाला थर म्हणजे काय हे एका क्षणात कळेल. मला ते कळायला एम. ए. व्हावे लागले.

पण थर जागेवर असतील किंवा त्यांची नोंद झालेली असेल, तरच हे सारे शक्य आहे. जी पांढर न मोजता, न लिहिता ट्रॉलीतून गेली, तिचे काहीही कोणत्याही पडद्यावर आणता येणार नाही.

मग गावाने आणि शाळेने करावे काय? ड्रोन असलाच पाहिजे असे नाही. असेल तर २०२१ चे ड्रोन नियम पाळावेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या लहान यंत्राला काही सवलत आहे; त्याहून मोठ्याला नोंदणी आणि इतर बंधने लागतात. आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे विभाग केलेले आहेत. हिरव्यातही साधारणपणे १२० मीटरच्या वर जायचे नाही. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याची परवानगी घेतल्याशिवाय उडवायचे नाही. आणि कुणाच्या शेतावरून उडवायचे तर त्याला आधी विचारावे. हा नियम कागदावर नसला तरी आपल्या गावचा आहे.

ड्रोन नसेल तरी गुरुजींनी एक वही घालावी. पांढरीचे गावातले नाव, गट क्रमांक, म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकीकत आणि दर वर्षी एकाच जागी उभे राहून काढलेले एक छायाचित्र, इतके त्यात असले तरी पुष्कळ झाले. पावसानंतर पृष्ठभागावर मणी किंवा खापर दिसले, तर आधी ते जागेवर असतानाच चित्र घ्यावे आणि जागा व तारीख लिहावी. उकरू मात्र नये, मुलांना उकरू देऊ नये. जमिनीत मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. गावातून तलाठ्यामार्फत किंवा तहसील कचेरीतून ते करता येते. आणि ग्रामपंचायतीने भरावाची माती ठरवताना एवढेच विचारावे: ही माती काळीची आहे, मुरमाची आहे, की पांढरीची?

ते म्हातारबाबा मला नंतर एकदा बाजारच्या दिवशी मंठ्याच्या बसस्टँडवर भेटले. मी त्यांना सारवणाची गोष्ट सांगितली, ब्रासाचा हिशेब सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमच्या आज्याच्या टायमाला पांढर वडाच्या फांदीला लागायची सर. आता वडाचं खोड सगळं उघडं पडलंय." मी खिशातला कागद काढला आणि तिथेच लिहून घेतले: कोणता वड, कोणती फांदी, पांढरीच्या कुठल्या अंगाला. पांढरीच्या त्या बाजूची पहिली मोजणी बाबांनी केली होती. दुसरी आता ड्रोनने करता येईल.